मूल परदेशी नेलं, तर वकिलाचे पैसे कोण देतं?

"आईने किंवा वडिलांनी मूल परस्पर परदेशी नेलं, तर केसचा सगळा खर्च सरकार करतं." नाशिकच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटतो.

ते तथ्य १९८० च्या हेग करारातलं, म्हणजे असं नेलेलं मूल परत आणण्यासाठी देशांनी आपसात केलेल्या करारातलं. कलम २६ नुसार देशाची मध्यवर्ती यंत्रणा, म्हणजे या कराराचं काम बघणारं सरकारी कार्यालय, अर्जाचे पैसे घेत नाही. पण वकिलाची फी आम्ही देणार नाही, असं देशाला आधीच सांगून ठेवता येतं. अमेरिकेने तसं सांगितलंय. इंग्लंडमध्ये मात्र अर्जदार पालकाला उत्पन्न न बघता सरकारी मदतीतून वकील मिळतो. कोर्ट हा खर्च मूल नेणाऱ्यावर टाकू शकतं. टाकेलच असं नाही.

आणि मुळात भारत या करारात नाहीच! हेग परिषदेच्या वेबसाइटवर या करारात सामील देशांची यादी उघडून बघा. इथे उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (मूल कोर्टात हजर करा, अशी मागणी करणारी याचिका), नाहीतर १८९० च्या पालकत्व कायद्याखाली अर्ज, आणि वकील सहसा स्वखर्चाने. मात्र १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. पुरुषाला उत्पन्न वगैरे अटी आहेत. चौकशी नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या जिल्हा न्यायालयात, विधी सेवेच्या कार्यालयात करा.