रायफलच्या नावातला आकडा नेमकं काय सांगतो?

.२२ लाँग रायफल आणि .२२३ रेमिंग्टन ही दोन काडतुसं शेजारी ठेवून नुसत्या गोळ्यांची जाडी मोजली, तर फरक जवळपास सापडतच नाही. दोन्ही गोळ्यांचा व्यास साधारण ५.७ मिलिमीटर. पण नळीतून बाहेर पडताना पहिल्या गोळीत दीडशे ते दोनशे ज्यूल ऊर्जा असते आणि दुसरीत १,७०० ज्यूलहून जास्त. पहिलीने ससे टिपतात, आणि ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल स्पर्धाही तिच्यावरच होते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच काडतुसावर. दुसरी म्हणजे ५.५६ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाची सख्खी बहीण.

फरक आहे तो गोळीच्या मागच्या पुंगळीत. .२२ची पुंगळी बोटाच्या पेरापेक्षाही लहान, दारू चिमूटभर. २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने निघते. .२२३च्या पुंगळीत दारू कितीतरी जास्त मावते, म्हणून ३.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९९० मीटरच्या आसपास जाते. ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग तिप्पट झाला की ऊर्जा नऊपट होते. नावातल्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

आकडा व्यासाचा (कॅलिबरचा), .२२ म्हणजे ०.२२ इंच, हे मान्य केलं, तरी पुढचा प्रश्न उरतोच: व्यास कशाचा? रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा पाडलेल्या असतात. गोळी त्यात घट्ट बसून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि त्या फिरण्यामुळेच तिचं टोक पुढे राहतं. म्हणजे नळीला आतून दोन व्यास आले: एक दोन खाचांमधल्या उंचवट्यांपासून मोजलेला, दुसरा खाचांच्या तळापासून मोजलेला. तीस कॅलिबरच्या नळीत पहिला ०.३०० इंच भरतो, दुसरा ०.३०८ इंच. गोळी खाचा भरून काढते, त्यामुळे तीही ०.३०८ इंचाची. आता .३००, .३०-०६ आणि .३०८ ही नावं पाहा. तिन्हींत गोळी एकाच जाडीची. कुणी उंचवट्यांपासून मोजलेला व्यास धरला, कुणी गोळीचा, एवढंच. .२७० विंचेस्टरची गोळी प्रत्यक्षात ०.२७७ इंचाची असते, .३०३ ब्रिटिशची सुमारे ०.३११ इंचाची. ७ मिलिमीटरच्या रायफलची गोळीही ७.२ मिलिमीटर असते. हे इतक्या विस्ताराने सांगायचं कारण असं, की या अर्ध्या-पाऊण शतांश इंचाच्या फरकावर नळी शाबूत राहणं किंवा फुटणं अवलंबून असू शकतं.

अमेरिकन नावांतला दुसरा आकडा तर दर वेळी वेगळं काही सांगतो. १८७३ सालच्या .४५-७० मध्ये ७० म्हणजे सत्तर ग्रेन काळी दारू. ग्रेन हे जुनं वजन, साधारण ६५ मिलिग्रॅमचं. आपल्या सराफाची गुंज त्याच्या जवळपास दुप्पट भरते. १८९५च्या .३०-३० मध्येही दुसरा तीस दारूचाच, फक्त आता ती धूररहित होती. धूररहित दारूचे प्रकार पुढे झपाट्याने बदलत गेले, एकाच पुंगळीत वेगवेगळ्या वजनाची दारू भरू लागली आणि हा आकडा नुसता नावापुरता राहिला. मग आलं .३०-०६. लिहिण्याची धाटणी तीच, अर्थ मात्र पार निराळा: इथला ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकन सैन्याने ते काडतूस स्वीकारलं ते वर्ष. .२५०-३००० सॅव्हेज या नावातले ३००० म्हणजे सेकंदाला तीन हजार फूट वेग, आणि तो आकडा नावात घालण्यामागे जाहिरातीचा हेतू उघड होता. .२२-२५० म्हणजे याच .२५०ची पुंगळी तोंडाशी आवळून तिच्यात .२२ची गोळी बसवलेली. ब्रिटिशांनी हाच प्रकार उलट्या क्रमाने लिहिला: .५७७/४५० म्हणजे .५७७ची पुंगळी .४५०पर्यंत आवळलेली.

या गर्दीत मला युरोपची पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. ७×५७, ६.५×५५, ९.३×६२: आधी कॅलिबर, मग पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असेल तर पुढे ‘आर’. पुंगळीची लांबी कळली की दारूच्या जागेचा निदान अंदाज तरी येतो.

आपल्याकडे घरोघरी ओळखीची असलेली बाराबोर मात्र इंच-मिलिमीटर कशातच बसत नाही. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले, तर त्यातला एक जिच्या नळीत नेमका बसेल ती बाराबोर. व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणून इथे आकडा वाढला की नळी बारीक होते. ठासणीच्या बंदुकांच्या काळात गोळ्या घरी ओतल्या जायच्या, त्यामुळे शिशाचा हिशेब हेच सोयीचं माप होतं. हत्तीच्या शिकारीसाठी तेव्हा चार बोरच्या बंदुकाही होत्या, एकेक गोळा पाव पौंडाचा.

काही आकडे तर कायद्याने जन्माला घातले, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० कॅलिबरच्या खासगी रायफलींवर बंदी घातली. भीती अशी, की त्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या हातातल्या जुन्या, .५७७/४५० काडतुसाच्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी वापरला जाईल. .४५० नायट्रो एक्सप्रेस तर वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी सर्वांच्या पसंतीचं काडतूस. मग लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी बंदीच्या किंचित पलीकडची मापं काढली: .४६५, .४७०, .४७५, .४७६. आफ्रिकेत पुढे हत्तीची रायफल म्हणून नावाजलेलं .४७० असं हिंदुस्थानातल्या कायद्यातून पुढे आलं. .३१५चंही तसंच. लष्करी .३०३ सामान्य माणसाला वर्ज्य, म्हणून मूळ ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिकर काडतुसाची .३१५ रायफल इथे रुजली, आणि सरकारी शस्त्र कारखान्यांनी ती आजवर बनवली. ८ मिलिमीटर म्हणजेच ०.३१५ इंच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली ते योग्यच झालं. हे आकडे मात्र शस्त्रपरवान्यांवर टिकून आहेत.

मग कोणत्या जनावराला कोणतं कॅलिबर, हे ठरतं कशावर? डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले. ही संख्या वाचून वाईट वाटतं. पण त्यातले बहुतेक त्याने छोट्या कॅलिबरने मारले, मुख्यतः ७×५७ने, हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बघण्यासारखं आहे. या गोळीची ऊर्जा .४७०च्या निम्म्याहून कमी: एकीकडे २,७००, दुसरीकडे ७,०००च्या आसपास ज्यूल. मात्र गोळी किती खोल जाईल हे मोठ्या अंशी तिच्या छेदघनतेवर, म्हणजे वजनाला व्यासाच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्यावर ठरतं. पौंड आणि इंचात मोजलं तर ७ मिलिमीटरच्या १७३ ग्रेनच्या लांबुडक्या गोळीची छेदघनता ०.३१च्या जवळ येते; .४७०च्या ५०० ग्रेनच्या गोळीचीही ०.३२च्या जवळ. बारीक गोळी जाड गोळीइतकीच खोल घुसू शकते, कारण तिला वाट लहान पाडायची असते. बेलने हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासली होती आणि तो मेंदूचा नेम धरायचा. तो नेम जरा चुकला तर मोठ्या रायफलचा तडाखा हत्तीला निदान क्षणभर थोपवतो, ७ मिलिमीटर ते करू शकत नाही. म्हणूनच आफ्रिकेतल्या अनेक देशांनी हत्ती-गव्यांसारख्या धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा ठेवली आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळालेली .२७५ रिग्बी हीसुद्धा ७×५७च, ब्रिटिश नावाने.

गोळीची घडण हा आणखी एक धागा. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बनलेली, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात वर्ज्य ठरवली. हरणांच्या शिकारीत मात्र फुलणारीच वापरतात, कारण आरपार जाणारी टणक गोळी जनावराला जखमी अवस्थेत दूरवर पळायला लावते. जर्मनीचा शिकार कायदा याच काळजीपोटी नुसत्या कॅलिबरवर थांबत नाही. रो या युरोपातल्या छोट्या हरणासाठी १०० मीटर अंतरावर गोळीत किमान १,००० ज्यूल ऊर्जा हवी. सांबरासारख्या मोठ्या हरणांना आणि रानडुकरांना किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि त्याच अंतरावर २,००० ज्यूल. नळीच्या तोंडाशी नव्हे, जिथे जनावर उभं असेल तिथे मोजलेली ऊर्जा. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

जर्मनांच्याच ८×५७ची कथा सांगून थांबतो. १८८८च्या मूळ काडतुसात गोळी ०.३१८ इंचाची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी खाचा खोल करून गोळी ०.३२३ इंचाची केली. फरक ०.१३ मिलिमीटर. पुंगळी जवळजवळ तीच, त्यामुळे नवं काडतूस जुन्या रायफलमध्येही बसू शकतं. पण जाड गोळी अरुंद नळीत रेटली गेल्यावर दाब धोक्याच्या पातळीवर चढतो. दोन्हींच्या नावात फरक एका अक्षराचा: जुनं ८×५७ ‘आय’, नवं ८×५७ ‘आयएस’. नळीवर कोरलेलं आणि पुंगळीच्या बुडावर ठोकलेलं नाव त्या शेवटच्या ‘एस’पर्यंत जुळवून पाहिल्याशिवाय जुन्या जर्मन रायफलमध्ये काडतूस भरू नये.