थर्मामीटर कुठे ठेवला होता?

1986 साली 'टेट्राहेड्रॉन लेटर्स' या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात दोन छोटे शोधनिबंध आले. एक कॅनडातल्या रिचर्ड गेडी यांच्या गटाचा, दुसरा अमेरिकेतल्या रेमंड जिगेर यांच्या गटाचा. दोघांनीही एकमेकांना न विचारता जवळपास एकच उद्योग केला होता: सेंद्रिय रसायनं बंद भांड्यात घालून ती मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. तासन् तास घेणाऱ्या अभिक्रिया मिनिटांत आटोपल्या. गेडींच्या एका अभिक्रियेचा वेग तर नेहमीपेक्षा 240 पट भरला.

240 पट म्हणजे साधी गोष्ट नव्हे. साहजिकच पुढची वीसेक वर्षं एक प्रश्न घोळत राहिला. मायक्रोवेव्ह नुसतं तापवते, की रेणूंना आणखी काही 'करते'? 'मायक्रोवेव्ह इफेक्ट' असं भारदस्त नाव या गूढाला मिळालं आणि त्या नावाखाली पुष्कळ काही छापून आलं. त्यातलं बरंचसं आज टिकलेलं नाही. ते का टिकलं नाही, ही मला मूळ शोधाहून जास्त रंजक गोष्ट वाटते.

आधी थोडा हिशेब करू. घरच्या मायक्रोवेव्हची वारंवारिता 2.45 गिगाहर्ट्झ, म्हणजे लहर सेकंदाला 245 कोटी वेळा खालीवर होते. तिची हवेतली लांबी सुमारे 12.2 सेंटिमीटर. या लहरीच्या एका फोटॉनची (लहरीच्या ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडक्याची) ऊर्जा साधारण 0.00001 इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे 3.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे साडेतीन लाख पट जास्त. बंध तोडणं राहू द्या. खोलीच्या तापमानाला रेणू आपसात जे धक्के मारत असतात, त्या प्रत्येक धक्क्यातच या फोटॉनच्या अडीच हजार पट ऊर्जा असते. अतिनील किरण किंवा क्ष-किरण रेणूला घाव घालतात. मायक्रोवेव्हचा फोटॉन भरल्या बाजारात कुणाच्या तरी बाहीला हळूच ओढावं तसा. कुणाला कळतही नाही.

मग तापवतो कसा? एकेका फोटॉनने नव्हे, तर सगळ्या लहरीच्या विद्युतक्षेत्राने. पाण्यासारख्या रेणूंचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असतं. क्षेत्राची दिशा पालटली की रेणू त्याप्रमाणे वळू पाहतात, पण आजूबाजूच्या रेणूंच्या गर्दीत ते मागे पडतात. या मागे पडण्यात, घासाघाशीत, लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. द्रावणात आयन असतील तर तेही पुढेमागे धावत टकरा देतात.

इथे एक जुना गैरसमज आडवा येतो: 2.45 गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची 'स्वतःची' वारंवारिता, म्हणून पाणी तापतं. तसं नाही. खोलीच्या तापमानाला द्रव पाणी सर्वांत जास्त शोषण करतं ते 20 गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे ओव्हन चालवला असता तर सगळी ऊर्जा पृष्ठभागावरच जिरली असती. 2.45 वर पाणी जरा कमी शोषतं, म्हणूनच लहर काही सेंटिमीटर आत शिरते. कुठला पदार्थ किती ऊर्जा जिरवतो हे मोजायला रसायनशास्त्रज्ञ 'लॉस टँजंट' हा आकडा वापरतात. इथिलीन ग्लायकॉलचा 1.35, इथेनॉलचा 0.94, पाण्याचा 0.12, हेक्झेनचा 0.02. पाणी या यादीत बरंच खाली आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. बर्फ तर त्याहून कितीतरी कमी शोषतो, कारण त्यातले रेणू जागच्या जागी जखडलेले असतात. गोठलेल्या पदार्थाचा एक कोपरा वितळला की तोच कोपरा भराभर तापत जातो आणि बाकीचा तसाच थिजलेला राहतो, त्यामागे हेच कारण.

आता पुन्हा त्या 240 पटींकडे. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: तापमान 10 अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. मिथेनॉल उघड्या भांड्यात 65 अंशांना उकळतं आणि कितीही आच दिली तरी तिथेच थांबतं. बंद भांड्यात दाब वाढतो आणि तापमान वर चढत राहतं. ते 145 पर्यंत गेलं असं धरा. 80 अंशांची वाढ, म्हणजे आठ वेळा दुप्पट: 256 पट. जादू लागलीच नाही, झाकण पुरलं. (त्या काळी अशा बंद भांड्यांचे स्फोटही झाले, हे वेगळं सांगायला नको.)

उघड्या भांड्यातही फसगत व्हायची. स्टोव्हवर भांड्याची भिंत सर्वांत गरम असते आणि तिच्यावरच्या बारीक ओरखड्यांत बुडबुडे जन्म घेतात. मायक्रोवेव्हमध्ये द्रवच भिंतीपेक्षा गरम असतो, बुडबुड्यांना सुरुवात करायला जागा सापडत नाही, आणि द्रव उत्कलनबिंदू ओलांडूनही निवांत राहतो. अ‍ॅसिटोनायट्राइल 82 अंशांना उकळायला हवं. ते 120 च्या आसपास पोहोचल्याचं मायकेल मिंगोस यांच्या प्रयोगांत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं. 'दोन्ही प्रयोग उत्कलनबिंदूवरच केले' असं प्रामाणिकपणे लिहिणारा संशोधक प्रत्यक्षात 38 अंशांचा फरक तुलनेत घेऊन बसलेला असू शकतो.

आणि तापमान मोजायचं कसं? धातूचा साधा तापमापी मायक्रोवेव्हच्या क्षेत्रात नीट चालत नाही. त्याच्यातच विद्युतप्रवाह खेळतो, ठिणग्याही उडतात. म्हणून बाहेरून अवरक्त संवेदक लावत. पण तो काचेच्या बाहेरच्या अंगाचं तापमान सांगतो, आणि इथे आतला द्रव काचेपेक्षा गरम असतो. अभिक्रिया 150 अंशांवर चाललेली, नोंदवहीत 120. मग वेग 'अपेक्षेपेक्षा' जास्त येणारच. उत्तर पुढे ऑप्टिकल फायबरच्या तापमापीने दिलं. तो थेट द्रवात बुडवता येतो आणि मायक्रोवेव्हला दाद देत नाही.

या वादावरचा सर्वांत देखणा प्रयोग ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने केला आणि 2009 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी काचेच्या कुपीसारखीच, त्याच आकाराची कुपी सिलिकॉन कार्बाइडची बनवून घेतली. सिलिकॉन कार्बाइड मायक्रोवेव्ह अधाशासारखं शोषतं आणि उष्णता झटपट पुढे देतं. म्हणजे आतल्या द्रवाला मायक्रोवेव्हचं क्षेत्र जवळजवळ भेटतच नाही, मिळते ती नुसती उष्णता. काचेच्या कुपीत दोन्ही मिळतात. यंत्र तेच, वेळ तीच, तापमानाचा आलेख तोच. लहरींत काही विशेष असतं तर काचेतला निकाल वेगळा यायला हवा होता. अभिक्रियेमागून अभिक्रिया तपासली गेली आणि दोन्ही कुप्यांतून जवळपास सारखंच उत्पादन निघालं.

वाद पूर्ण मिटला असं मात्र नाही. द्रवात घन उत्प्रेरकाचे कण तरंगत असतील आणि ते द्रवापेक्षा जास्त शोषत असतील, तर प्रत्येक कण भोवतालच्या द्रवाहून गरम असू शकतो. तापमापी सरासरी दाखवतो, अभिक्रिया कणाच्या पृष्ठभागावर घडते. हाही शेवटी उष्णतेचाच परिणाम, पण साध्या शेगडीला तो जमणारा नव्हे.

गूढ गेलं म्हणून उपयोग गेला नाही. माती, खडक, रक्त, धान्य यांतलं शिसं किंवा आर्सेनिक मोजायचं तर नमुना आधी तीव्र आम्लात पूर्ण विरघळवावा लागतो. उघड्या तबकडीवर हे काम तासन् तास धुरात बसून करावं लागे. 1975 मध्ये जैविक नमुन्यांसाठी मायक्रोवेव्ह वापरून पाहिली गेली, आणि आज टेफ्लॉनच्या बंद भांड्यात नायट्रिक आम्ल 200 अंशांच्या घरात नेऊन तासाभरात नमुना पाण्यासारखा स्वच्छ करतात. पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या, जोडण्याच्या यंत्रांतही तीच मदत होते. ही कामं वर्तमानपत्रात येत नाहीत, पण प्रयोगशाळांतल्या मायक्रोवेव्ह यंत्रांचा बराच दिवस यातच जातो.

शरीरविकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजीत) हीच गोष्ट थोड्या नाट्यमय पद्धतीने घडली. ऊतींचे तुकडे टिकवायला ते फॉर्मलिनमध्ये ठेवतात. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी अशी बांधून टाकतं, की नंतर विशिष्ट प्रथिन शोधायला सोडलेल्या प्रतिपिंडांना आपली जागाच सापडत नाही. फॉर्मलिनच्या या गाठी जोरदार उष्णतेने सुटतात, असं 1940 च्या दशकातल्या रसायनशास्त्राच्या निबंधांत नोंदलेलं होतं. शान-रोंग शी यांनी ते वाचलं, काचपट्ट्या मायक्रोवेव्हमध्ये उकळल्या, आणि 1991 मध्ये सहकाऱ्यांसह ते तंत्र प्रसिद्ध केलं. वर्षानुवर्षं कपाटात पडलेले मेणातले नमुने बोलू लागले. स्तनाच्या कर्करोगातले हार्मोन ग्राहक (रिसेप्टर) तपासण्यासारख्या चाचण्या आज या पायरीवर उभ्या आहेत. गंमत म्हणजे आता अनेक ठिकाणी हे काम प्रेशर कुकरमध्ये किंवा गरम पाण्याच्या टाकीत होतं. गरज होती ती उष्णतेची.

मेंदूच्या अभ्यासात मात्र मायक्रोवेव्हला पर्याय शोधणं कठीण आहे. प्राणी मेल्यावर काही सेकंदांतच मेंदूतले एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलिनसारखी रसायनं मोडू लागतात; मेंदू काढून गोठवेपर्यंत चित्र पालटलेलं असतं. म्हणून 1970 च्या दशकापासून खास यंत्रं वापरली जातात. कित्येक किलोवॉटची लहर उंदराच्या फक्त डोक्यावर केंद्रित होते, सेकंदभरात मेंदूचं तापमान एन्झाइम निकामी होण्यापर्यंत जातं आणि त्या क्षणाचं रसायन तसंच गोठतं, म्हणजे खरं तर शिजतं. वाचायला हे सुखाचं नाही. पशुवैद्यकीय नियम या कामाला घरगुती ओव्हन साफ नाकारतात, ते योग्यच आहे.

जिवंत पेशींवर उष्णतेपलीकडे काही होतं का, हा प्रश्न रसायनशास्त्राआधीच विचारला गेला होता. 1967 मध्ये गोल्डब्लिथ आणि वांग यांनी ई. कोलाय जिवाणूंवर मायक्रोवेव्हचा मारा केला आणि तेवढीच उष्णता नेहमीच्या पद्धतीनेही देऊन पाहिली. जिवाणू दोन्हीकडे सारखेच मेले. डोळ्याच्या भिंगाला आणि वृषणांना तीव्र मायक्रोवेव्हने इजा होते हेही जुनं निरीक्षण. भिंगात उष्णता वाहून न्यायला रक्तपुरवठाच नाही. म्हणून सुरक्षेच्या मर्यादा शरीराच्या किलोमागे किती वॉट जिरले यावर ठरतात. सामान्य लोकांच्या संपूर्ण शरीरासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 0.08 वॉट आहे, आणि ती प्राण्यांत परिणाम दिसू लागतो त्या 4 वॉटच्या पन्नासावा भाग आहे.

एक अपवाद मात्र बराच काळ खटकत होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलन फ्रे यांनी दाखवलं, की रडारसारख्या तुटक मायक्रोवेव्ह माणसाला 'ऐकू' येतात: डोक्यात टिकटिक, गुणगुण. इथे तापमान वाढतच नव्हतं, निदान कुणाला जाणवेल इतकं. 1974 मध्ये केनेथ फॉस्टर आणि एडवर्ड फिंच यांनी माणसाऐवजी पाण्याचं भांडं घेतलं आणि त्यात पाण्याखालचा मायक्रोफोन सोडला. पाण्यातही आवाज उमटला. प्रत्येक ठोक्याला तापमान अंशाच्या काही दशलक्षांश भागाने वाढतं, पण इतक्या चटकन, की पाणी झटक्यात प्रसरण पावतं आणि दाबाची लहर निघते. मग त्यांनी पाणी थंड करत नेलं. 4 अंशांना पाण्याचं प्रसरण शून्य असतं, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आवाज नाहीसा झाला. शाळेत घोकलेला 4 अंशांचा नियम इतक्या अनपेक्षित जागी उपयोगी पडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

उष्णतेचीच बाजू टोकाला नेली की आपण तार्‍यांपाशी पोहोचतो. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथल्या वेंडेलश्टाइन 7-एक्स या अणुसंमीलन संशोधनाच्या यंत्रात 10 डिसेंबर 2015 रोजी 1.3 मेगावॉटच्या मायक्रोवेव्हच्या एका झटक्याने हेलियमचा पहिला प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला अतितप्त वायू) पेटला: दशांश सेकंद, सुमारे 10 लाख अंश. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ठरावीक वारंवारितेने गोल फिरतात. त्या तालाशी जुळणारी लहर सोडली की ते ऊर्जा घेत जातात.

बाजारातल्या त्या बाही ओढणाऱ्याला आता गर्दीतून बाहेर काढू. भोवती धक्के मारणारं कुणी नसेल तर तोच स्पर्श लख्ख जाणवतो. निर्वात नळीतून जाणाऱ्या सीझियमच्या अणूंवर मायक्रोवेव्ह सोडतात, आणि अणू तिला प्रतिसाद देतात ते 9,19,26,31,770 हर्ट्झवर. 1967 पासून सेकंदाची व्याख्याच या आकड्यावर आहे. क्वांटम संगणकातले अतिवाहक क्युबिट (माहितीचे मूलघटक) चालवणाऱ्या लहरी 5 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात. खोलीच्या तापमानाला त्यांचा फोटॉन हरवून जाईल, म्हणून ती चिप निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही शतांशांपर्यंत थंड करतात. तिथे एक फोटॉन ही मोजता येणारी, जपून द्यावी लागणारी वस्तू होते.

हिऱ्याला तर थंडीचीही गरज नाही. त्याच्या स्फटिकात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी एक रिकामी जागा असेल, तर तिथे अडकलेले इलेक्ट्रॉन भोवतालच्या कंपनांपासून विलक्षण अलिप्त राहतात. हिरव्या लेसरखाली ही जागा लाल चमकते. तिच्यावर बदलत्या वारंवारितेची मायक्रोवेव्ह सोडत गेलं की एका आकड्यावर चमक मंदावते. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल तर तो आकडा सरकतो, आणि किती सरकला यावरून क्षेत्र मोजता येतं, एकेका पेशीच्या आकाराच्या जागेतलंसुद्धा. असे हिरे बहुधा मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मात थरावर थर चढवून वाढवतात, आणि तो प्लाझ्मा अनेकदा 2.45 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हनेच पेटवलेला असतो. चमक मंदावते तो आकडा आहे 2.87.