पुढची स्प्रिंग कडक केली की छोटी रेसकार जास्त वळते का?

१/२८ मापाच्या रिमोट कारबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: पुढची स्प्रिंग जितकी कडक, तितकी गाडी चांगली वळते.

गुळगुळीत ट्रॅकवर कडक स्प्रिंगने स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद झटपट येतो, म्हणून हा समज पटतो. पण वळणाच्या मध्यावर चित्र उलटतं. पुढची बाजू कडक झाली की आतल्या चाकावरचं वजन बाहेरच्या पुढच्या चाकावर जास्त सरकतं. टायरवर भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांची मिळून पकड घटते आणि गाडी बाहेर पळते. पकड फार असलेल्या ट्रॅकवर गाडी उलटत असेल, तर मात्र कडक स्प्रिंग खरंच कामाची.

स्प्रिंगचा एक वेटोळा कापला तर ती नरम होत नाही, कडक होते: ६ चालू (म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेटोळ्यांचे ५ केले की सुमारे २० टक्के. खाली वॉशर घातल्याने फक्त आधीचा दाब वाढतो, कडकपणा तोच राहतो.

खर्च करण्याआधी किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन, बघा. स्प्रिंग काढा; नकल (चाक धरणारा, पिनवर सरकणारा भाग) स्वतःच्या वजनाने खाली घसरायला हवा. अडकला तर २००० नंबरच्या पॉलिशपेपरने पिन हलकेच घासा, पुसून घ्या. बऱ्याचदा दोष इथेच निघतो.

मग तेच टायर, तशीच चार्ज केलेली बॅटरी ठेवून नरम, कडक, पुन्हा नरम अशा स्प्रिंगवर प्रत्येकी १० लॅप मारा आणि वेळा लिहून ठेवा.