पात्रबदल (व्हिडिओ गेम)

एका देशात बनलेला व्हिडिओ गेम दुसऱ्या देशात विकायला काढताना खेळ तोच ठेवून त्यातली पात्रे बदलण्याची पद्धत. १९८० आणि १९९० च्या दशकांत जपानी खेळांबाबत ती सर्रास दिसते. मूळ पात्रे परदेशी गिऱ्हाइकाला अनोळखी असत किंवा त्यांचे हक्क तिसऱ्याच कुणाकडे असत. काम फारसे अवघडही नव्हते. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रावरील हलती पात्रे ८ × ८ पिक्सेलच्या तुकड्यांतून जुळवलेली असत आणि एका तुकड्यात जेमतेम तीन रंग मावत. हे तुकडे बदलले की नायक बदलला. उडी, वेग, टक्कर यांची गणिते जागच्या जागी.

सर्वांत गाजलेले उदाहरण 'डोकी डोकी पॅनिक'चे. फुजी टेलिव्हिजनच्या 'युमे कोजो' महोत्सवाच्या निमित्ताने निन्टेन्डोने १९८७ मध्ये काढलेल्या या खेळात इमॅजिन, मामा, लीना आणि पापा असे अरबी थाटाचे कुटुंब होते. इकडे 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा १९८६ चा जपानी दुसरा भाग अमेरिकी शाखेला फारच कठीण वाटला. म्हणून 'डोकी डोकी पॅनिक'मध्येच मारिओ, लुईजी, राजकन्या आणि टोड बसवून १९८८ मध्ये तो अमेरिकेत 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकला गेला. जादूच्या दिव्याच्या जागी औषधाची बाटली आली, बटण दाबून धावण्याची सोय झाली.

याला नुसती रंगसफेदी म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. मामाची उंच उडी लुईजीला मिळाली आणि ती पुढे त्याची ओळखच झाली. लीनाचे हवेत तरंगणे राजकन्येकडे आले. शाय गाय, बर्डो, बॉब-ऑम्ब ही शत्रुपात्रांची मंडळी मुळात या परक्या घरची, पण मारिओच्या गोतावळ्यात कायमची मुरली. १९९२ मध्ये हा खेळ 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने जपानला परतला.

कंपाइल या जपानी कंपनीचा 'पुयो पुयो' हा कोड्याचा खेळ सेगा कंपनीने १९९३ मध्ये आपला नायक सॉनिक याच्या कार्टून मालिकेतला खलनायक डॉ. रोबॉटनिक याच्या नावे विकला. दोन वर्षांनी निन्टेन्डोच्या यंत्रावर त्यातच निन्टेन्डोचे पात्र कर्बी आले. 'पानेल दे पोन'मधल्या पऱ्या जाऊन मारिओच्या खेळांतला डायनोसॉर योशी आला आणि खेळाला नाव मिळाले 'टेट्रिस अटॅक'. टेट्रिसशी त्याचा संबंध नावापुरताच.

पात्रे बदलणारा नेहमी मूळ निर्माताच असे, असेही नाही. ब्राझीलमध्ये टेकटॉय या कंपनीने १९९१ मध्ये 'वंडर बॉय इन मॉन्स्टर लँड'मध्ये मॉरिसिओ दे सोझा यांच्या चित्रकथांतली मोनिका आणली. नायकाच्या तलवारीऐवजी तिच्या हातात आपला निळा कापडी ससा. राक्षसांना ती त्यानेच झोडपते. या प्रकारातला हा सर्वांत रसिक बदल म्हणावा लागेल.

कधी कारण हिंसेचे असे. युरोपात 'कॉन्ट्रा' हा गोळीबाराचा खेळ 'प्रोबोटेक्टर' झाला आणि त्यातल्या सैनिकांचे यंत्रमानव झाले. भारतात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या नकली यंत्रांवर घरोघरी खेळला गेलेला 'कॉन्ट्रा' मात्र सैनिकांचाच होता.