पात्याचं पाणी

जुन्या बाजारात गोणपाटावर पसरलेल्या लोखंडाच्या ढिगात दोन पाती शेजारी शेजारी पडली होती. एक सुरी, नुकतीच चाकावर घासून चकाचक केलेली. दुसरं विळीचं पातं, तांबूस गंजलेलं, पाट कधीच निखळलेला. मी विळीचं पातं घेतलं. सुरीच्या धारेलगत नखाएवढा निळसर डाग होता. पाणी उतरल्याची ती खूण.

लोहार ‘पाणी देतो’ म्हणजे काय करतो? पोलादात लोखंडाबरोबर थोडा कार्बन असतो, चांगल्या पात्यात साधारण अर्धा ते एक टक्का. पातं ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास लालबुंद झालं की हा कार्बन लोखंडात विरघळतो. ते तसंच पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो अडकतो, अणूंची रचना ताणली जाते आणि पातं कमालीचं कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून लोहार ते पुन्हा बेतानं तापवतो, २०० अंशांच्या जरा वर. थोडा कठीणपणा जातो, चिवटपणा येतो.

किती तापलं हे रंग सांगतो. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि पावसात रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगात दिसतात तसे रंग उमटतात : २२० अंशांच्या सुमारास फिकट पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा, आणि ३०० जवळ निळा. स्वयंपाकघरातल्या पात्याला निळा म्हणजे फार झालं. विजेच्या कोरड्या चाकावर धारेची पातळ कड क्षणात तिथवर पोचते. माझ्या आईची सुरी एका दुकानात अशीच जळाली. आठवड्याभरात टोमॅटोची साल कापेना. डाग घासून काढता येतो, गेलेलं पाणी घासून परत येत नाही. तेवढी कड सावकाश झिजवून आतल्या चांगल्या पोलादापर्यंत जावं लागतं. सायकलवर साण घेऊन येणारा जाणता धारवाला पातं हलकेच टेकवतो, मध्येमध्ये पाण्यात बुडवतो. त्याला दहा रुपये जास्त द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

गंजाला मी फारसं घाबरत नाही. वरवरचा तांबूस गंज घासला की जातो. धारेजवळ खोल खड्डे असतील तर मात्र पातं सोडून द्यावं, कारण झिजत झिजत धार त्या खड्ड्यापर्यंत आली की तिथं खाच पडते. विक्रेत्यानं हरकत घेतली नाही तर बारीक कानस आधी मुठीत जाणाऱ्या भागावर, मग धारेजवळ ओढून पाहावी. मऊ लोखंडात ती रुतते, पाणी असलेल्या भागावरून सरकते. हा फरक हाताला लगेच कळतो. लोहचुंबकाचा इथं उपयोग नाही, स्टेनलेसच्या बहुतेक सुऱ्यांनाही तो चिकटतो.

धारेचा दगड पोलादापेक्षा कठीण हवा, एवढंच त्यामागचं विज्ञान. कुरुंद हे खनिज काठिण्याच्या मोहस श्रेणीत ९ वर आहे, हिऱ्याच्या खालोखाल. इंग्रजीतला ‘कोरंडम’ आपल्याकडच्याच भाषांतून गेलेला शब्द. हार्डवेअरच्या दुकानातला काळसर दुतोंडी दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा असतो, तो कुरुंदाहूनही किंचित कठीण.

सुरीसाठी काटकोनाचा निम्मा आणि त्याचा पुन्हा निम्मा कोन धरावा, म्हणजे २० अंशांच्या आसपास येतो. विळीची धार आतल्या बाकावर असते, तिथं सपाट दगड टेकत नाही. मी पातं पाटात घट्ट बसवलं आणि अरुंद दगड ओला करून खालून वर फिरवत गेलो. काही वेळानं पलीकडच्या बाजूला कुसळासारखी बारीक कड उठली. ती लागली म्हणजे दगड धारेच्या टोकापर्यंत पोचला. मग ती कड दुसऱ्या बाजूनं अगदी हलक्या हातानं उतरवली.

पहिली कैरी चिरली तेव्हा पातं काळं पडलं. कैरीतल्या टॅनिनची आणि लोखंडाची ती गाठ. धुऊन, कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. काळेपणा तसाच ठेवला, त्याच्याखाली तांबूस गंज सहसा धरत नाही.