पार्श्वभूमी : ‘मूल स्वतः शिकतं’ हे सरकारी कागदावर कसं आलं

पुण्यात पहिलीच्या पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : नव्या अभ्यासक्रमात खेळच खेळ, मग वाचायला कधी शिकवणार? अनेकांना वाटतं की हे सगळं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणलं. महाराष्ट्रात हा वाद त्याहून जुना आहे.

मुलाला स्वतः हाताळून शिकू देणाऱ्या मारिया माँटेसरींच्या 1907 सालच्या रोममधल्या बालगृहाची आणि गिजुभाई बधेकांच्या 1920 च्या भावनगरच्या बालमंदिराची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी ती 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 मध्ये कोसबाडला, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या गावांत नेली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं आली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. अंगणवाडी तिथलीच, 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेने ते नाव देशभर नेलं. योजनेत आहार, लसीकरण आणि वजनाच्या नोंदी आल्या आणि खेळाचा तास आक्रसला. पुण्यात ऐंशी-नव्वदच्या दशकांत सारसबागेजवळचं बालभवन आणि काही प्रयोगशील मराठी शाळा उभ्या राहिल्या, पण त्यांचा लाभ मोजक्याच मुलांना मिळाला.

खरी उलथापालथ 2015 ची. मूल ज्ञान स्वतः रचतं, हा विचार 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात होताच. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटाच्या) जिल्हा परिषद शिक्षकांनी तो वर्गात उतरवला. मुलं जमिनीवर गटाने बसत, काड्यांचे गठ्ठे बांधून दशक समजून घेत, एकमेकांना वाचून दाखवत. शिक्षक बाजूला बसून पाहत. राज्यभरातून शिक्षक ते बघायला जाऊ लागले. मग 22 जून 2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. भाषा आणि गणिताच्या पायाभूत चाचण्या आल्या, शाळा ‘प्रगत’ ठरवण्याचे निकष आले.

इथून मतं फाटली. लोकवर्गणी काढून गावोगाव फरशीवर ऑइलपेंटने शब्दचक्रं आणि अंकांचे तक्ते रंगवले गेले. कुमठ्यात ते शिक्षकांच्या अभ्यासातून आले होते. इतरत्र फरशी आधी रंगली आणि तिच्यामागचा विचार अनेक शिक्षकांपर्यंत पोचलाच नाही. रंगवलेला तक्ता मूल उचलू शकत नाही, उलटा करू शकत नाही, त्याचं दुसरं काही बनवू शकत नाही. आक्षेप घेणारे म्हणत, मुलाने आपल्या गतीने शिकायचं असेल तर शाळा अमुक महिन्यात प्रगत व्हायचं बंधन कशासाठी? उलट बाजूचं म्हणणं होतं की मोजलं नाही तर ऊसतोड कामगाराचं मूल तिसरीत पोचूनही अक्षरओळखीशिवाय राहतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हे म्हणणं खोटं नाही. पण चाचणी आली की वर्गातलं पहिलं बळी जातं ते निरुद्देश रमणं, आणि लहान मुलाचं शिकणं बरंचसं तिथेच होत असतं. वाचता येणं मोजलं गेलं. मुलाने स्वतः काय निवडलं, किती वेळ त्यात गुंतलं, याचा रकाना मुख्य निकषांत नव्हता.

तीच ओढाताण पुढे चालू राहिली. 2020 च्या धोरणाने 3 ते 8 वर्षांचा एक सलग पायाभूत टप्पा केला आणि ऑक्टोबर 2022 च्या या टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला त्याच्या मध्यभागी ठेवलं. दरम्यान जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या निपुण या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाने दुसरीच्या मुलासाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द अचूक वाचण्याचं लक्ष्य दिलं होतं. शिक्षकाच्या टेबलावर आज ही दोन्ही कागदपत्रं आहेत आणि तपासणीला येणारा अधिकारी बहुधा निपुणच्या लक्ष्याबद्दल विचारतो.

2025-26 पासून राज्यात पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा मात्र अजून 6 ते 14 वयापुरताच आहे. त्यामुळे कोथरूड असो की हडपसर, सोसायटीतल्या नर्सरीत साडेतीन वर्षांच्या हातात पेन्सिल द्यायची की माती, हे चालक आणि फी भरणारे पालकच ठरवतात.