हरित लवादाकडे अर्ज: नागपूर परिसरातून कसा करायचा?

कोराडी-खापरखेड्याच्या पट्ट्यात वीज केंद्रांची राखड शेतात आली, विहिरीचं पाणी बिघडलं की लोक तहसीलीपासून मंत्र्यांपर्यंत निवेदनं देत फिरतात. त्यातच मुदत निघून जाते. राष्ट्रीय हरित लवाद म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीचं खास न्यायपीठ. त्याच्या २०१० च्या कायद्याच्या कलम १४ खाली, वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळतात. निवेदनाची पोच पुरावा म्हणून जपा, पण तिच्या भरवशावर थांबू नका. नुकसानभरपाईसाठी कलम १५ आहे, तिथे ५ वर्षं आणि वर ६० दिवस. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखड बंधारा फुटला, तशा घटनेत हा फरक फार मोठा ठरतो. नव्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर मात्र जेमतेम ३० दिवस, फार तर आणखी ६०.

अर्जात काय लिहायचं? ‘हवामान बदलतंय आणि सरकार गप्प आहे’ एवढ्यावर भागत नाही. रिधिमा पांडे या शाळकरी मुलीचा असा व्यापक अर्ज लवादाने २०१९ मध्ये निकाली काढला. हवामान बदलावरच्या जागतिक पॅरिस कराराचा विचार सरकारी धोरणांत होतच नाही असं मानायला कारण नाही, असं म्हणून. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला. त्याचा आधार जरूर घ्या, पण लवादापुढे बोट ठेवायला जल (१९७४), वन (१९८०), हवा (१९८१), पर्यावरण (१९८६) किंवा जैवविविधता (२००२) अशा लवाद कायद्याच्या अनुसूचीतल्या (जोडलेल्या यादीतल्या) कायद्याचं उल्लंघन हवं. वन्यजीव कायदा आणि राज्याचा १९७५ चा झाडतोडीचा कायदा त्या यादीत नाहीत. तिथे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ बरं.

म्हणून सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. कारखान्याने कोणत्या अटी पाळायच्या ते त्यात असतं. हाती नसेल तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका; उत्तराला ३० दिवस धरा, म्हणजे हे काम आधी उरका.

अर्ज कोणीही बाधित व्यक्ती, जमीनमालक, मृताचे वारस किंवा संस्था करू शकते. वकील सक्तीचा नाही. सोबत घटनाक्रम तारखांसह, शपथपत्र, फोटो, पाणीतपासणी अहवाल, पंचनामा, आणि भरपाई हवी असेल तर सातबारा. कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागतं. खरा खर्च इथेच होतो. शुल्क १,००० रुपये. भरपाई मागितली तर मागणीच्या १ टक्का, किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ.

नागपूरचे अर्ज पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे जातात, ऑनलाइनही दाखल होतात. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील.